डोळ्यांत पाणी येईपर्यंत

माझ्या आईची धाकटी बहीण हिंगोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात अकरा वर्षं साफसफाईच्या कामाला होती. दवाखान्यात अशा बाईला नावाने कुणी हाक मारत नाही. डॉक्टर, सिस्टर, पेशंट, पेशंटसोबत डबा घेऊन आलेली माणसं, सगळे तिला 'मावशी' म्हणायचे. माझ्या हक्काची मावशी अशी सगळ्या गावाने वाटून घेतलेली बघून मला लहानपणी रागच यायचा. संध्याकाळी ती रिसाला बाजारातल्या घरी आली की दारात दिसायच्या आधी तिचा वास यायचा. फिनेल, डेटॉल आणि त्याखाली काहीतरी तिखट, नाकाच्या मुळाशी टोचणारं. पदर धुतला तरी तो जायचा नाही. आई म्हणायची, स्वच्छतेचा वास आहे, नाक मुरडू नको.

२०२० च्या उन्हाळ्यात तिच्या पाठीवर पंप आला. कापसावर फवारायचा असतो तोच, १६ लिटरचा. त्यात पाणी आणि 'हायपो', म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. वॉर्ड, जिने, संडास, खाटा, खिडक्या लावून घेतलेल्या खोल्या. दिवसातून तीनदा. २०२१ च्या पावसाळ्यात तिला रात्री झोपून खोकता येईना, उठून बसावं लागायचं. मी तिला नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट विचारपूस केली. काय फवारता? किती तीव्रतेचं? बंद खोलीत किती वेळ असता? मावशी म्हणाली, "डोळ्याला पाणी येईपर्यंत मारायचं, साहेब. वास नाही आला तं मुकादम म्हणतो, फवारलंच नाही."

डॉक्टरांनी कागदावर 'दमा' लिहिलं. खाली लिहिलं, 'कामावर रसायनांचा संपर्क' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तो कागद घेऊन मावशी कंत्राटदाराकडे हलकं काम मागायला गेली, तेव्हा त्याने बोट नेमकं त्या प्रश्नचिन्हावर ठेवलं. हायपोमुळेच झालं याचा पुरावा आण म्हणाला. महिन्याभरात तिचं काम गेलं.

मी रसायनशास्त्र शिकवते, ज्युनियर कॉलेजात. त्या कागदाने मला जरा लाज आणली. खोलीतल्या हवेत जंतुनाशक किती आहे हे मोजता येतं की नाही, येत असेल तर कधीपासून, आणि मग आमच्याकडे कुणी मोजलं का नाही, एवढं तरी मला सांगता यायला हवं होतं. पुढचं सगळं त्या शोधातून आलेलं आहे.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण पाण्यातलं क्लोरीन आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरही ओळखतं. सेनगाव तालुक्यात आमचं गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या विहिरीत 'टीसीएल' टाकतात. हे नाव सगळे घेतात, पण त्याचा अर्थ मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हता: ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, उष्ण प्रदेशात लवकर उडून जाऊ नये म्हणून जादा चुना घालून टिकाऊ केलेली ब्लीचिंग पावडर. टाकल्यावर जलसुरक्षक एका नळीत पाणी घेतो, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळं होतं का ते बघतो. ही 'ओटी टेस्ट'. पिवळेपणा पट्टीशी जुळवायचा, आकडा वहीत लिहायचा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते नीट राखलं नाही तर गावाला लाल कार्ड मिळतं. ऑर्थोटोलिडीन स्वतःच कर्करोगकारक असल्याचा संशय असल्याने आता दुसरी, गुलाबी रंगाची चाचणी आली आहे, पण गावात नाव ओटीचंच चालतं.

म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनला वही आहे, माणूस नेमलेला आहे, चुकलं तर कार्ड आहे. तेच क्लोरीन हवेत गेलं की मात्र मुकादमाचं नाक.

या नाकाचा इतिहास मोठा आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले शहाणे लोक मानायचे की रोग दुर्गंधीतून पसरतो. मग घाण वासावर उपाय काय, तर त्याहून जबर वास. १७७३ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात एका चर्चमध्ये पुरलेल्या प्रेतांची दुर्गंधी असह्य झाली. गितों द मोर्वो या रसायनतज्ज्ञाने मिठावर गंधकाम्ल ओतलं आणि निघालेल्या आम्लाच्या वाफेने चर्च भरून टाकलं. वास गेला. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स कारमायकेल स्मिथने सोऱ्यावर तेच आम्ल ओतून जहाजांवर आणि तुरुंगांत धुरी दिली, आणि १८०२ मध्ये पार्लमेंटने त्याला ५,००० पौंड बक्षीस दिलं. दोघांमध्ये श्रेयावरून भांडणही झालं. त्या वाफेत श्वास घेणारे खलाशी आणि कैदी भांडणात कुठेच नव्हते. त्यांच्यासाठी धुरी 'पुरेशी' झाली की नाही हे ठरायचं ती दिसते का आणि झोंबते का यावर.

गमतीचा भाग असा की क्लोरीनची सगळ्यात मोठी कामगिरी याच चुकीच्या समजुतीतून झाली. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, कारण हातांना राहणारा प्रेताचा वास त्या पाण्याने जायचा. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतू कुणालाच माहीत नव्हते. वास हा अंदाज होता आणि अंदाज एकदा बरोबर आला. एकदा बरोबर आलेला अंदाज किती पिढ्या चालतो बघा.

जंतू सापडल्यावरही नाक निवृत्त झालं नाही. लिस्टरने १८७१ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिक आम्लाचा फवारा सुरू केला. टेबलावरच्या माणसावर, डॉक्टरांवर, मदतनिसांवर, सगळ्यांवर तुषार उडायचे. हात पांढरे पडून बधिर व्हायचे, खोकला यायचा. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने १८८१ साली जंतुनाशकांची एकेक करून परीक्षा घेतली आणि गंधकाच्या धुरीसारखे लाडके उपाय बीजाणूंपुढे टिकत नाहीत हे दाखवलं. त्याच बर्लिनमध्ये १८९० साली भरलेल्या वैद्यकीय परिषदेत लिस्टर उभा राहिला आणि हवेतल्या जंतूंसाठी हा फवारा आपण कधी सुचवला याची लाज वाटते अशा अर्थाचं बोलला. एवढा मोठा माणूस, भर सभेत. मला हा प्रसंग फार आवडतो. पण फवारा बंद झाला तो जंतूंसाठी निरुपयोगी ठरला म्हणून. फुफ्फुसांचा हिशेब त्यातही नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि त्यानंतरचे काही महिने मुंबई अक्षरशः जंतुनाशकात भिजली. गटारांत कार्बोलिक ओतलं गेलं, भिंती चुन्याने आणि पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्याने धुतल्या गेल्या, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली गेली, राहायला नालायक ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. पाऱ्याचा तो क्षार, मर्क्युरिक क्लोराइड, जालीम विष आहे. पुण्यात १८९७ मध्ये रँडची प्लेग समिती, घरझडत्या, सोजीर, रस्त्यावर फेकलेलं सामान. हा भाग तुम्ही शाळेत वाचलेला आहे आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं तेही. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या.

शाळेच्या पुस्तकात न येणारी बाजू म्हणजे, ते कार्बोलिक आणि ती पाऱ्याची बादली कोण वाहत होतं? झडती घेणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, झडती झाली त्यांची तक्रार वृत्तपत्रांत आहे. भिंतीला पोतेरं लावणाऱ्या मजुराचं काय झालं हे मी शोधत राहिले आणि हाती काही लागलं नाही. आपल्या देशात घाण काढायचं काम कुणाच्या वाट्याला दिलं जातं हे सांगायची गरज नाही, त्यामुळे त्या गप्पपणाचं मला फार आश्चर्यही वाटलं नाही. वर आणखी, १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. भिंती धुणं बहुतांशी फुकट गेलं होतं.

मोजण्याची गोष्ट मात्र याच काळात, भलत्याच वाटेने सुरू झाली होती. १८४० मध्ये बाझेलच्या शोनबाइनने ओझोन ओळखला. तो हवेत आहे का हे बघायला त्याने एक सोपी युक्ती काढली: पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च यांच्या खळीत बुडवलेला कागद. ओझोन लागला की आयोडाइडमधून आयोडीन सुटतं आणि स्टार्च निळा पडतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात तुम्ही हा निळा रंग पाहिला असेल. पुढची काही दशकं युरोपभर हौशी लोक असे कागद टांगून निळेपणा पट्टीशी जुळवत बसले, अगदी आमच्या जलसुरक्षकासारखे. त्यांचा समज होता की निळा कागद म्हणजे निरोगी हवा. आज आपण ओझोनला प्रदूषक मानतो. शिवाय तो कागद ओझोनसाठीच निळा होतो असंही नाही. क्लोरीन चालतं, नायट्रोजन डायऑक्साइड चालतो, हवा दमट असली तर रंग वेगळाच चढतो. मोजमाप हाती आलं, पण आपण नेमकं काय मोजतोय हे कळायला वेळ लागला.

माणसाला किती झेपतं हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो कारखान्यांमुळे. १८८० च्या दशकात जर्मनीत लेहमानने क्लोरीनसारख्या वायूंच्या ठरावीक मात्रा प्राण्यांना देऊन परिणाम टिपायला सुरुवात केली. आणि मग २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीनच्या टाक्या उघडल्या. ज्या वायूने बाळंतिणी वाचवल्या होत्या त्याने खंदकातली माणसं गुदमरून मारली. चार दिवसांनी तिथे लढायला पोचलेल्यांत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही होती. या युद्धाने हवेतला वायू ओळखणं आणि मोजणं ही सैन्याची आणि उद्योगांची गरज बनवली. १९१९ मध्ये अमेरिकेत कार्बन मोनॉक्साइड दाखवणारी रसायन भरलेली काचनळी आली. १९२२ मध्ये हवा पाण्यात जोराने आपटून तिच्यातली धूळ पकडणारा इम्पिंजर आला. १९३७ मध्ये जर्मन ड्रेगर कंपनीच्या नळ्या: टोकं मोडायची, हातपंपाने ठरलेली हवा ओढायची, रंग नळीत कुठवर चढला ते वाचायचं. आजही हे चालतं.

मधेच एक अमेरिकन विनोद सांगून टाकते. युद्ध संपल्यावर क्लोरीनचा मोठा साठा उरला आणि तिथल्या रासायनिक युद्ध विभागातल्या डॉक्टरांना वाटलं की थोडं क्लोरीन हुंगल्याने सर्दी बरी होते. मे १९२४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज स्वतः सर्दीसाठी क्लोरीनच्या बंद खोलीत जाऊन बसले, तीन दिवस. पुढच्या चाचण्यांत त्या उपचाराचा काही उपयोग दिसला नाही. सॅनिटायझरच्या बोगद्यातून हात वर करून चालणारी २०२० सालची आपली माणसं आठवली की मला कूलिज आठवतात.

आकडा म्हणजे काय हे जरा समजून घेऊ, कारण पुढची भानगड आकड्यांची आहे. हवेतले वायू पीपीएममध्ये मोजतात, दहा लाख भागांत किती भाग. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली धरा. तिच्यात साधारण २८,००० लिटर हवा असते. तीत १ पीपीएम क्लोरीन म्हणजे २८ मिलिलिटर वायू, कटिंगच्या ग्लासाचा तिसरा हिस्सा. मी आकडेमोड करून पाहिली: एवढा वायू द्यायला पुरेल इतकं क्लोरीन १ टक्का हायपोच्या दोन चहाच्या चमच्यांत असतं. मावशीच्या पाठीवर १६ लिटर असायचं. अर्थात सगळं क्लोरीन वायू होऊन उडत नाही. बरंचसं भिंतीवर, फरशीवर खर्ची पडतं. किती उडतं हे खोली, उष्णता, वारा, फरशीवरची घाण यांवर अवलंबून असतं आणि म्हणूनच ते मोजावं लागतं.

भारतात या आकड्यांना कायद्यात जागा मिळाली ती भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागी हवेत कोणतं रसायन किती चालेल याचं परिशिष्ट जोडलं गेलं. क्लोरीन: आठ तासांच्या सरासरीत १ पीपीएम, थोड्या वेळासाठी ३. फॉर्मल्डिहाइड: १ आणि २, पुढे 'कर्करोगकारक असल्याचा संशय' अशी खूण. ते परिशिष्ट मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मिळाला कागद. मग लक्षात आलं की कायद्याचं नाव कारखाने अधिनियम होतं. दवाखान्याचा वॉर्ड हा कारखाना नाही. हायपो बनवणाऱ्या कामगाराच्या हवेला मर्यादा होती. तोच हायपो फवारणाऱ्या बाईच्या हवेला नव्हती.

फॉर्मल्डिहाइडचं नाव आलंच आहे तर थांबून बघू. ऑपरेशन थिएटरच्या 'फ्युमिगेशन'ची पद्धत आपल्याकडे दशकानुदशकं चालत आली. फॉर्मालिनमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकायचे, फसफसून धूर उठतो, दार लावून पळायचं. दाराच्या फटींना चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी दार उघडून उरलेला वायू मारायला अमोनिया ठेवायचा. हे दार कोण उघडतं? मावशी. मला ती सांगायची तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसायचा, उलट थोडा अभिमान असायचा, की हे काम सिस्टर दुसऱ्या कुणावर सोडत नाहीत. श्वास धरून आत शिरायचं, खिडकी ढकलायची, बाहेर. २००४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या रसायनांच्या पहिल्या गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीत. आपल्या कारखान्यांच्या मर्यादेहून ती पंधरापट कडक आहे.

२०२० चा मार्च तुम्हाला आठवतच असेल. बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपो फवारला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिला. मग गावोगाव बाजाराच्या, पोलीस ठाण्यांच्या तोंडाशी बोगदे उभे राहिले. हिंगोलीत घबराट जास्त होती, कारण राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट इथला, आणि मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले अनेक जवान पॉझिटिव्ह निघाले. गल्लीत फवारणीची गाडी आली की लोक टाळ्या वाजवायचे. वास जितका उग्र तितका धीर वाटायचा, आणि हे मी हसत लिहीत नाही. मी स्वतः भाजीची पिशवी हायपोत बुडवत होते.

१८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं की माणसांवर जंतुनाशक फवारू नका. डोळे आणि कातडी चुरचुरते, मळमळ होते, हुंगलं तर घसा आणि श्वासनलिका आवळतात. तरी बोगदे चालूच राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२० ला न्यायालयाने सरकारला महिन्याभरात यावर ठोस निर्देश काढायला सांगितलं. चांगला निकाल आहे तो. पण याचिका होती ज्यांच्यावर फवारलं जातं त्यांच्याविषयी. पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याचा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. तीन वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, शेजारच्या यवतमाळात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पंप तोच होता. तेव्हा टीव्हीवर तोंडाला रुमाल बांधून फवारणाऱ्यांची चित्रं दाखवून सगळे हळहळले होते. वॉर्डात रुमालाच्या जागी मावशीच्या तोंडाला कापडी मास्क होता, जो वायू अडवत नाही.

तर, मोजता येतं का? येतं. क्लोरीनसाठी हवा सल्फॅमिक आम्लाच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. फॉर्मल्डिहाइडसाठी डीएनपीएच लावलेल्या छोट्या नळ्या मिळतात. पण फवारलेल्या हायपोत अडचण अशी की हवेत एकच गोष्ट नसते. हायपोचं मीठ उडत नाही, तुषार उडतात. तुषारांतून हायपोक्लोरस आम्ल आणि थोडं क्लोरीन सुटतं. फरशीवर लघवी, घाम असला की त्यातल्या नायट्रोजनशी जुळून क्लोरामाइन होतात. पोहण्याच्या तलावावर आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो बराचसा ट्रायक्लोरामाइनचा असतो, आणि तो हवेत मोजायची खात्रीची पद्धत फ्रान्समध्ये १९९५ मध्ये आली. वायूची नळी तुषार पकडत नाही, तुषारांची जाळी वायू सोडून देते. आणि हल्लीचे रंगीत, सुवासिक फरशीक्लीनर ज्या क्वाटर्नरी अमोनियम संयुगांवर चालतात त्यांना स्वतःचा वासच नाही. तिथे मुकादमाचं नाक पूर्ण निकामी.

यातलं कुठलंही उपकरण माझ्याकडे नव्हतं. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होऊ घातली आहे, २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक फरक पकडला जाईल. मला त्या प्रकल्पाचा अभिमान आहे, वर्गात पोरांना सांगताना अंगावर काटा येतो. फक्त तिथून तासाभराच्या वाटेवर मी कॉलेजचं पोटॅशियम आयोडाइड आणि घरातली मक्याच्या पिठाची खळ घेऊन बसले होते, १८४० सालच्या माणसासारखी.

कागद केले, सावलीत वाळवले. मावशीच्या मोरीत ती कामावर करायची तशी फरशी हायपोने पुसली, दार लावलं, एक ओला कागद आत टांगला, एक बाहेर अंगणात. थोड्या वेळाने आतल्याच्या कडा जांभळट झाल्या, मग सगळा निळा. बाहेरचा पांढरा राहिला. मग एक कागद मी हायपोच्या बाटलीच्या तोंडावर धरला. तो क्षणात काळा-निळा झाला आणि बघता बघता परत पांढरा पडला. क्लोरीन फार झालं की ते आयोडीनलाही पुढे नेतं आणि रंग जातो. मावशी म्हणाली, "बघ, लई झालं तं कागद बी सांगायचं सोडतो." हळदीचे कागदही केले, हिंगोलीत राहून ते न करणं शक्यच नव्हतं, मोंढ्यात हळदीशिवाय दुसरं काय आहे. अमोनियाच्या वाफेवर हळदीचा कागद तांबडा होतो. त्यावर हायपोचा थेंब टाकला तर आधी कुंकवासारखा लाल आणि मग पांढराफटक. पाहायला छान, पण हायपोच्या वाफेबद्दल तो भरवशाचं काही सांगत नाही. (हे घरी करणार असाल तर संडास धुवायचं अ‍ॅसिड हायपोजवळ आणू नका. दोन्ही मिसळले की थेट क्लोरीन वायू निघतो. दर दिवाळीत कुणीतरी हे करतं.)

निळा कागद कंत्राटदाराला दाखवून उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. त्यावर पीपीएम नाही. तो मोरीतला आहे, वॉर्डातला नाही. आणि मावशीने २०२० मध्ये घेतलेल्या श्वासांची हवा आता कुठेच नाही.

मग एक अभ्यास वाचनात आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, ७३,२६२ परिचारिकांचा. आठवड्यातून एकदा तरी जंतुनाशकांशी काम येणाऱ्यांत सीओपीडी या फुफ्फुसाच्या आजाराचा धोका २५ ते ३८ टक्क्यांनी जास्त आढळला. ब्लीच त्यात आहे. मी अधीरपणे पद्धतीचं पान उघडलं, एवढ्या जणींच्या खोल्यांतली हवा यांनी कशी मोजली ते बघायला. मोजलीच नव्हती. त्यांनी विचारलं होतं: काय वापरता, किती वेळा, कशासाठी. उत्तरं वर्षानुवर्षं नोंदवली होती आणि त्यांच्या कामाच्या प्रकाराशी जुळवली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी मावशीला विचारले तेच प्रश्न. फक्त तिच्याकडे वही नव्हती.

मी एक आडवी वही आणली आणि ओटीच्या नोंदवहीसारखे रकाने आखले. तारीख. खोली. काय रसायन, बाटलीवरचा टक्का. किती पाण्यात किती. फवारलं की पुसलं. खिडकी उघडी की बंद. आत किती वेळ. रात्री खोकला आला का. मावशी आता एका शाळेत खिचडी शिजवायला जाते, तिथे चुलीचा धूर आहे, तो वेगळा विषय. वही तिच्या जुन्या दवाखान्यातल्या दोन मावश्या भरतात, रोज रात्री, एकीचा नववीतला मुलगा लिहून देतो. गेल्या महिन्यात मी बघायला गेले तेव्हा खिडकीच्या रकान्यात बहुतेक ओळींवर 'बंद' होतं आणि एका ठिकाणी त्या पोराने कंसात लिहिलं होतं, 'कडी गंजली आहे'. दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी घरून खोबरेल तेल नेलं.